थोडक्यात सांगा, डॉक्टर

डॉक्टरकी सोडून भलत्याच वाटेला लागलेल्या डॉक्टरांचं मराठी माणसाला काही अप्रूप नाही. कान-नाक-घशाचे सर्जन श्रीराम लागू पुण्यात आणि आफ्रिकेत प्रॅक्टिस करून १९६९ साली पूर्णवेळ नट झाले. काशिनाथ घाणेकर दातांचे डॉक्टर. जब्बार पटेल दौंडला पोरं तपासता तपासता सिनेमे काढत राहिले. मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ, अमोल कोल्हे एमबीबीएस, निलेश साबळे आयुर्वेदाचे. दर वेळी कुठल्या तरी आत्याने ‘मेडिकलची एक सीट वाया घालवली’ म्हणून हळहळायचं आणि पुढच्या प्रयोगाचे पास मागायचे, ही आपली रीत.

पण या मंडळींनी एक सभ्यपणा पाळला. तोंडाला रंग लावायच्या आधी ॲप्रन खुंटीला टांगला. ‘नटसम्राट’च्या मध्यंतरात लागूंनी कुणाचा घसा तपासल्याचं ऐकिवात नाही. ज्या इसमाचं चित्र मी काढायला घेतलं आहे तो नेमकं उलटं करतो. ॲप्रन अंगावर ठेवूनच तो रंग लावून घेतो, कारण त्या रंगाला किंमत येते ती ॲप्रनमुळे. जिथे रक्ताचा थेंब सांडायची शक्यता नाही, आणि सांडलाच तर मेकअपवाली टिश्यूपेपर घेऊन धावेल, अशा थंडगार खोलीत तो गळ्यात स्टेथोस्कोप अडकवून बसतो. ऐकायला समोर छाती नसते, कॅमेरा असतो. हा टीव्हीचा डॉक्टर.

जात मूळची अमेरिकेतली. मूळपुरुष म्हणून टिमथी जॉन्सन यांचं नाव घ्यायला हरकत नाही. हे गृहस्थ आधी चर्चचे धर्मोपदेशक, मग डॉक्टर, मग टीव्हीवर. १९७२ साली बोस्टनच्या एका वाहिनीवर त्यांचा ‘हाऊस कॉल’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला. घरी येऊन पेशंट बघायची पद्धत अमेरिकेत तोवर जवळपास बंद पडली होती, म्हणूनच बहुधा कार्यक्रमाला तिचं नाव दिलं असावं. आमराई तोडून झाली की आपण सोसायटीला ‘आम्रकुंज’ म्हणतो तसं. १९७५ पासून जॉन्सन एबीसीच्या ‘गुड मॉर्निंग अमेरिका’त दिसू लागले, १९८४ साली वाहिनीचे वैद्यकीय संपादक झाले आणि २०१० साली निवृत्त झाले. माणूस सावध, मोजकं बोलणारा. धर्मोपदेशकीचा अनुभव त्यांना कामी आलाच असणार. रविवारी समोरच्यांना चांगल्या वागणुकीबद्दल बजावायचं आणि सोमवारी ते कसे वागले याची चौकशी करत बसायचं नाही, ही तालीम त्यांना आधीच मिळालेली होती.

हा चौकशीचा मुद्दा साधा नाही. साध्या दवाखान्यातल्या डॉक्टरला एक जबरदस्त अंकुश असतो: पेशंट परत येतो. आठवड्याने येतो, बाकावर बसतो, कंपाउंडरशी हुज्जत घालतो आणि आत येऊन म्हणतो, “डॉक्टरसाहेब, गोळ्या संपल्या, पण गुण नाही.” मग डॉक्टर चष्म्यावरून बघत “पथ्य पाळलंत का?” विचारतो, पेशंट “पाळलं की” म्हणतो, त्याची बायको मागून “कुठलं पाळलं, परवाच बारशाला चार लाडू खाल्ले” म्हणते, आणि या तिघांच्या वादातून हळूहळू रोगाचं निदान होतं. टीव्हीच्या डॉक्टरचे पेशंट लाखांनी असतात, पण परत कुणी येत नाही. सोमवारी त्याने सांगितलेलं अंगाला लावून मंगळवारी कुणाला पुरळ उठलं, हे त्याला कळायची सोय नाही. कळतो तो फक्त टीआरपी, आणि त्यात पुरळ मोजत नाहीत.

हा माणूस या धंद्यात ठरवून कधीच येत नाही. एखाद्या साथीच्या दिवसांत वाहिनीला तज्ज्ञ हवा असतो, ठरलेला तज्ज्ञ परगावी गेलेला असतो आणि हा फोन उचलतो, एवढीच त्याची पात्रता. पहिल्या बाईटला तो बारा मिनिटं बोलतो. विषाणू, त्याची रचना, त्याचा इतिहास, शरीराची प्रतिक्रिया, उलटसुलट पुरावे, सगळं सांगून उठता उठता सौजन्य म्हणून “बाकी घाबरायचं कारण नाही” असं पुटपुटतो. रात्री तेवढंच दाखवतात. सकाळी दूधवाला, लिफ्टमन आणि गेली अनेक वर्षं न बोलणारा साडू असे तिघेही “काल बघितलं तुम्हाला” म्हणतात. काय सांगितलं ते तिघांपैकी एकालाही आठवत नाही. हॉस्पिटलात तीस वर्षं घासून जो मान मिळाला नाही तो चार शब्दांत मिळाला, ही गोष्ट त्याच्या मनाच्या तळाशी जाऊन बसते. दुसऱ्या बाईटला तो चारच शब्द बोलतो.

आणि मग सूत्रसंचालिकेचे प्रश्न. ते जगभर तीनच असतात. एक, “डॉक्टर, हे नेमकं आहे तरी काय?” दोन, “आपण घाबरायचं का?” तीन, “घरच्या घरी काय करता येईल?” मधूनमधून, तो तोंड उघडणार इतक्यात, “थोडक्यात सांगा डॉक्टर, अर्धा मिनिट आहे.” आता गंमत बघा. मेडिकल कॉलेजात या माणसाला वर्षानुवर्षं घोकून घेतलेलं असतं, की पेशंटला हात लावल्याशिवाय, नाडी बघितल्याशिवाय, रिपोर्ट आल्याशिवाय तोंड उघडू नकोस. ‘सांगता येत नाही, बघू या’ हे त्याच्या शास्त्रातलं सगळ्यात प्रामाणिक वाक्य. टीव्हीवर हे वाक्य एकदा म्हटलं तर पुढच्या वेळी बोलावणं येत नाही. त्यामुळे तो नवी भाषा शिकतो. ‘एका अभ्यासात असं दिसून आलं आहे’ इथपासून सुरुवात करतो. तो अभ्यास उंदरांवर झाला होता, हे पहिल्या वर्षी आवर्जून सांगतो. दुसऱ्या वर्षी वेळ उरला तर सांगतो. तिसऱ्या वर्षी उंदरांचा उल्लेख संपादनात जातो आणि त्याला फारसं वाईटही वाटत नाही. उंदीरही परत येऊन विचारत नाहीत.

टेबलावर प्लॅस्टिकचं हृदय ठेवायला तो लवकरच शिकतो. ते उघडतं, त्यातले कप्पे लाल-निळे असतात, आणि खऱ्या हृदयापेक्षा कितीतरी शहाण्यासारखं वागतं. टाय कुठल्या रंगाचा घालायचा, बोलताना भुवया किती वर न्यायच्या, वाईट बातमी सांगताना मान कुठल्या बाजूला कलवायची, हेही त्याला जमू लागतं. स्पर्धाही साधी नव्हती त्याची. १९८० च्या दशकात अमेरिकेत व्हिक्सच्या खोकल्याच्या औषधाची एक जाहिरात लागायची. तिच्यात मालिकेतला एक नट ‘मी डॉक्टर नाही, टीव्हीवर डॉक्टरचं काम करतो’ असं प्रांजळपणे सांगायचा आणि लगेच औषध सुचवायचा. लोकांना त्यात काहीच खटकलं नाही. डॉक्टर नसल्याची कबुली देऊनही औषध खपत असेल, तर खऱ्या डॉक्टरने काय काय खपवावं!

तरी या जमातीची नुसती टिंगल करून भागणार नाही, कारण पडद्याचा हातगुण खरा असतो. २००० साली ‘टुडे’ कार्यक्रमाची सूत्रसंचालिका केटी कूरिक हिने मोठ्या आतड्याची दुर्बिणीची तपासणी कॅमेऱ्यासमोर करून घेतली. तिचा नवरा दोन वर्षांपूर्वी त्याच आतड्याच्या कॅन्सरने गेला होता. नंतर संशोधकांनी मोजलं तेव्हा देशात ही तपासणी करून घेणाऱ्यांचं प्रमाण साधारण २० टक्क्यांनी वाढलेलं आढळलं. डॉक्टरांनी वर्षानुवर्षं कानीकपाळी ओरडून जे झालं नाही ते एका बाईने स्वतःचं आतडं दाखवून करून टाकलं. टीव्हीच्या डॉक्टरने यातून काय बोध घ्यायचा हा प्रश्न आहे, कारण ती डॉक्टर नव्हती.

या वंशाचा कुलदीपक मात्र आपल्या ओळखीतला निघाला. संजय गुप्ता. आईवडील दोघेही भारतातून गेलेले, दोघेही फोर्ड मोटार कंपनीत इंजिनियर. आई दमयंती ही फोर्डची पहिली स्त्री इंजिनियर. मुलगा मिशिगनमध्ये मेंदूचा सर्जन झाला. इथपर्यंत कुठल्याही भारतीय आईवडिलांनी लग्नाच्या बायोडेटात लिहावं असंच सगळं. २००१ साली त्याने सीएनएनमध्ये नोकरी धरली, तेव्हा घरी काय बोलणं झालं असेल याची कल्पना आपण करू शकतो. न्यूरोसर्जन झालेला मुलगा बातम्या सांगतो! बरं, बातम्या तरी कसल्या सांगायच्या, तर आरोग्य धोरणाच्या. पण लगेच ११ सप्टेंबर उजाडला, मग अँथ्रॅक्सची पाकिटं टपालातून यायला लागली, आणि धोरणं बाजूला राहिली.

२००३ साली तो इराकमध्ये अमेरिकन नौदलाच्या वैद्यकीय तुकडीबरोबर वार्ताहर म्हणून गेला. जवळ माइक होता, अवजारं नव्हती. तुकडीत सर्जन होते, मेंदूचा कुणी नव्हता. डोक्याला गोळी लागलेले पेशंट यायला लागले तेव्हा सगळ्यांनी वार्ताहराकडे बघितलं. त्याने माइक ठेवला आणि पाच वेळा डोकी उघडली. कवटीला भोक पाडायचं यंत्र नव्हतं, तेव्हा छावणीतलं ब्लॅक अँड डेकरचं ड्रिल निर्जंतुक करून वापरल्याची हकिगत प्रसिद्ध आहे. आपल्याकडे हे ड्रिल लोक भिंतीवर वॉटर प्युरिफायर लटकवण्यासाठी आणतात आणि नळाचा पाइप फोडतात. गोळी लागलेला एक सैनिक त्या ऑपरेशननंतर जगला. इकडे पत्रकारितेच्या प्राध्यापकांत मात्र वाद पेटला: बातमी देणाऱ्याने बातमीत हात घालावा का? हात मनगटापर्यंत बातमीच्या डोक्यात असताना हा प्रश्न विचारणं हेही एक धैर्यच आहे. त्याच वर्षी ‘पीपल’ मासिकाने त्याला देखण्या पुरुषांच्या यादीत घातलं. मेंदूची ऑपरेशनं करणाऱ्या किती जणांवर हा प्रसंग येतो?

२००९ साली ओबामांनी त्याला देशाचा सर्जन जनरल व्हायला विचारलं. तो नको म्हणाला. आईवडिलांच्या पिढीला कळणार नाही असा हा नकार आहे, सरकारी नोकरी ती सरकारी नोकरी. पण मला त्याची एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. एवढं सगळं होत असताना त्याने अटलांटाच्या ग्रेडी हॉस्पिटलातली ऑपरेशनं सोडली नाहीत. म्हणजे त्याच्याकडे परत येणारे पेशंट शिल्लक राहिले. ऑपरेशन झालेला माणूस टाके दाखवायला येतो, तेव्हा भुवया किती वर नेता याने काही फरक पडत नाही.

ज्यांचा हा धागा तुटतो त्यांचं काय होतं? नॅन्सी स्नायडरमन या एनबीसीच्या वैद्यकीय संपादक. लागूंसारख्याच कान-नाक-घशाच्या सर्जन. २०१४ साली त्या इबोलाची साथ दाखवायला लायबेरियात गेल्या. तिथे त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या कॅमेरामनलाच इबोला झाला. तो पुढे बरा झाला. बाईंनी न्यू जर्सीतल्या घरी परतून २१ दिवस स्वतःहून वेगळं राहायचं कबूल केलं. देशाला सांगितलं तसंच. आणि मग, ते २१ दिवस संपायच्या आत, एका उपाहारगृहाबाहेर उभ्या असलेल्या गाडीत त्या लोकांना दिसल्या. चमूतला एक जण आत पार्सल आणायला गेला होता. सूप. देशभर गदारोळ झाला. राज्याच्या आरोग्य खात्याने ऐच्छिक विलगीकरण सक्तीचं केलं. बाईंना कसलीही लक्षणं नव्हती, गाडीत बसून कुणाला इबोला होत नाही, शास्त्र त्यांच्या बाजूचं होतं. पण त्यांचे सगळे पेशंट एकदम परत आले होते आणि पथ्य पाळलंत का, एवढंच विचारत होते. बारशाचे लाडू खाणाऱ्याच्या बायकोने विचारावं त्या सुरात. डिसेंबरात बाईंनी पडद्यावरून माफी मागितली, पुढच्या मार्चमध्ये वाहिनी सोडली.

मेहमत ओझ यांची तऱ्हा वेगळी. हे कोलंबिया विद्यापीठातले हृदयाचे सर्जन, आणि चांगले सर्जन. ओप्रा विन्फ्रीच्या कार्यक्रमात गाजले आणि २००९ पासून त्यांचा स्वतःचा कार्यक्रम सुरू झाला. रोज एक तास भरायचा म्हणजे किती अवयव लागतात याचा हिशोब करा. हृदय आठवड्यात संपतं. यकृत, किडनी, थायरॉइड, गुडघे धरून फार तर महिना जातो. मग चमत्कार लागतात. हिरव्या कॉफीच्या बियांनी वजन उतरतं, अमक्या फळाच्या सालीने पोट आत जातं. जून २०१४ मध्ये अमेरिकन सिनेटच्या समितीपुढे सिनेटर क्लेअर मॅकॅस्किल यांनी त्यांना समोर बसवून या चमत्कारांचा जाब विचारला. त्याच डिसेंबरात ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने त्यांच्या कार्यक्रमातल्या सल्ल्यांची छाननी छापली: ४६ टक्के सल्ल्यांना पुरावा होता, १५ टक्के पुराव्याच्या विरुद्ध होते आणि ३९ टक्क्यांबाबत पुरावाच सापडला नाही. आमच्या गल्लीतल्या काकूंच्या सल्ल्यांची अशी छाननी कुणी केलेली नाही, नाही तर त्या पुढे निघाल्या असत्या. एवढं होऊनही कार्यक्रम २०२२ पर्यंत चालला. तो संपला तो ओझ सिनेटच्या निवडणुकीला उभे राहिले म्हणून. निवडणूक हरले, आणि २०२५ पासून मेडिकेअर आणि मेडिकेड, म्हणजे देशातल्या कोट्यवधी लोकांच्या सरकारी आरोग्यविम्याचा कारभार, त्यांच्याच हाती आहे. कॉफीच्या बियांचं काय झालं ते आता कुणी विचारत नाही.

आपल्याकडचा वाण अजून थोडा बिचकून आहे. त्याला कारण २००२ ची वैद्यक परिषदेची आचारसंहिता. डॉक्टरने स्वतःची जाहिरात करायची नाही. वर्तमानपत्रात निवेदन द्यायचं तर विषय ठरलेले: दवाखाना सुरू केला, पत्ता बदलला, काही दिवस परगावी जात आहे, परत आलो. कायद्याने आपल्या डॉक्टरला स्वतःच्या येण्याजाण्याची तेवढी दवंडी पिटता येते. बरं केल्याची नाही. पण ‘मुलाखत’ ही गोष्ट जाहिरातीत मोडत नाही, असं एका चतुर माणसाच्या लक्षात आलं, त्याने ते दुसऱ्याला सांगितलं, आणि २०२० च्या टाळेबंदीपर्यंत सगळ्यांच्या लक्षात आलेलं होतं.

टाळेबंदीत या वाणाला खरा बहर आला. पडद्यावर सहा खिडक्या, सहा डॉक्टर. प्रत्येकाच्या मागे पुस्तकांचं कपाट, त्यात हॅरिसन आणि डेव्हिडसन यांचे जाडजूड ग्रंथ, मधे ज्ञानेश्वरी, वर रोटरी क्लबची ढाल. कॅमेरा लॅपटॉपचा असल्यामुळे डॉक्टरांच्या नाकपुड्या आणि छताचा पंखा यांचं जवळून दर्शन व्हायचं. पहिली दहा मिनिटं “डॉक्टर, तुमचा आवाज येत नाहीये” यात जायची. तेवढ्यात जे सांगून झालेलं असायचं तेच बहुधा सगळ्यात उपयोगाचं असावं. मार्चमध्ये मास्कची सर्वांना गरज नाही असं सांगितलं जात होतं, एप्रिलमध्ये मास्कशिवाय बाहेर पडू नका. दोन्ही वाक्यं त्याच खिडकीतून, त्याच चेहऱ्याने. यात लबाडी नव्हती. माहिती बदलली, सल्ला बदलला. दवाखान्यात हे रोज होतं आणि पेशंट त्याला ‘गोळी बदलून दिली’ म्हणतो. टीव्हीवर त्याला ‘घूमजाव’ म्हणतात आणि खाली लाल पट्टी फिरते.

म्हणून गुप्ताचं गांजाप्रकरण मला त्याच्या ड्रिलपेक्षा मोठं वाटतं. पूर्वी त्याने ‘टाइम’मध्ये गांजाच्या कायदेशीर वापराविरुद्ध लेख लिहिला होता. पुढे सीएनएनसाठी माहितीपट करताना तो स्वतः पेशंटना भेटला. कोलोरॅडोत फिट्सनी बेजार झालेली एक लहान मुलगी होती. गांजातल्या एका घटकाच्या तेलाने तिच्या फिट्स कमालीच्या कमी झालेल्या त्याने पाहिल्या. ऑगस्ट २०१३ मध्ये त्याने जाहीर लेख लिहून माफी मागितली: मी पुरेसं खोलात बघितलं नव्हतं, मला वेगळं वाटायला लागलं आहे. अर्ध्या मिनिटाच्या धंद्यातला माणूस काही वर्षांनी जुनं प्रिस्क्रिप्शन शोधून काढतो आणि स्वतःच्या हाताने त्याच्यावर काट मारतो, हे दृश्य त्या धंद्यात दुर्मीळ आहे. दवाखान्यातही फार दिसतं अशातला भाग नाही.

ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याला पुरेपूर वेळ मिळाला. जो रोगन या विनोदी नटाच्या ध्वनिमुद्रित गप्पांचा कार्यक्रम अमेरिकेत अफाट ऐकला जातो. रोगनने कोविडची लस घेतली नव्हती आणि कोविड झाल्यावर आयव्हरमेक्टिन हे जंतांवरचं औषध घेतलं होतं. गुप्ता त्याच्यासमोर जाऊन बसला. ‘थोडक्यात सांगा’ म्हणणारं कुणी नव्हतं. तीन तास. अभ्यास, आकडे, टक्केवारी, हृदयाचे स्नायू, सगळं सविस्तर सांगून झालं. मधेच रोगनने उलट विचारलं, की माझं औषध घोड्याचं आहे असं तुमच्या वाहिनीने का सांगितलं; गुप्ताला कबूल करावं लागलं की तसं म्हणायला नको होतं. डॉक्टर कळकळीने लस घ्या म्हणाला. पेशंट शांतपणे नको म्हणाला. गुप्ताने परत येऊन त्या तीन तासांवर लेख लिहिला.

आमचे डॉक्टर अशा वेळी “दुसरं मत घेऊन बघा हवं तर” म्हणतात, आणि बेल दाबून पुढचा पेशंट आत बोलावतात.